एका शब्दाची तीन घरं

माझी नोकरी काय होती, हे मला आजवर एका वाक्यात कुणाला सांगता आलेलं नाही. मद्रासला असताना मी शब्दांचे अर्थ विचारत घरोघर फिरत असे आणि त्याचा मला पगार मिळे, असं म्हटलं की ऐकणारा आधी माझ्याकडे पाहतो आणि मग यांच्याकडे, की बाई बऱ्या आहेत ना. मद्रासजवळच्या आवडी गावातल्या क्वार्टर्समधल्या आमच्या शेजारीणबाईंना तर पक्की शंका होती, की मी विम्याचं काम करते आणि संकोचापायी सांगत नाही. "अर्थ माहीत नसतील तर पुस्तकात बघा ना," असं त्या मला समजावत. पुस्तकात ते येतात कुठून, हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नाही. मलाही नोकरी लागेपर्यंत सुचलं नव्हतं.

साल साठच्या आसपासची ही गोष्ट. यांची बदली आवडीच्या कारखान्यात झाली, मी नागपूरची एम. ए. होऊन घरी बसले होते, आणि मद्रासच्या एग्मोर भागात एका जुन्या इमारतीच्या माडीवर एक कोश तयार होत होता. तंजावरकडून आलेली मराठी घरं मद्रासमध्ये पुष्कळ. दोन-तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून त्यांनी आपली मराठी सांभाळली होती, आणि ती गोळा करून छापायची असा बेत होता. आमचे संपादक मूळचे साताऱ्याकडचे, पण हयात मद्रासमध्ये गेलेली. स्वभाव तापट, आणि शब्दांच्या बाबतीत महासंशयी. मी नवा शब्द आणला की स्थळ सांगून आल्यासारखी चौकशी करत. कुठल्या घरचा? किती जणांच्या तोंडी? आधी कुणी ऐकलाय का? तीन वेगवेगळ्या घरांनी आपापल्या तोंडाने साक्ष दिल्याशिवाय ते कुठल्याही शब्दाला कोशाचा उंबरा ओलांडू देत नसत.

या धंद्यातली पहिली गोष्ट अशी, की अर्थ विचारायचा नाही. विचारला की चांगला बोलता माणूस एकदम मास्तर होतो. ट्रिप्लिकेनमध्ये एक वकील होते. कुठलाही शब्द टाकला की ते त्याचा संस्कृत धातू काढून त्याचा कुळाचार सांगायला बसत. शब्द करतो काय, ते शेवटपर्यंत सांगत नसत. एकदा मी 'चिडचिड' विचारली. धातूचा शोध इतका लांबला, की आतून त्यांच्या पत्नीने भांडी आपटायला सुरुवात केली. वकीलसाहेब अजून धातूवरच होते, पण माझं काम झालं होतं.

दुसरी गोष्ट, शब्द कुठे लागू पडतो यापेक्षा कुठे पडत नाही ते विचारावं. 'दमणं' आणि 'थकणं' एकच ना, असं मी एका म्हातारबांना भोळेपणाने विचारलं. ते म्हणाले, "एक कसें? बैल दमतो. थकतो तो पेन्शनर. दमलेला सकाळीं उठून कामास लागतो." हे मला विद्यापीठात कुणी शिकवलं नव्हतं, आणि असलं काही मिळालं की मी परतीच्या गाडीत आवडीपर्यंत एकटीच हसत असे.

मैलापूरच्या एक मामी बोलून सांगायला मुळीच तयार नसत. भाजणं, पोळणं आणि करपणं यातला फरक विचारला, तर त्यांनी शेगडी पेटवली, तीन पापड घेतले आणि तिन्ही करून दाखवले. करपलेलाही मलाच खावा लागला. "खाल्ल्याविना अर्थ कसा कळेल, बाई?" त्या म्हणाल्या.

या तंजावरी घरांच्या बोलण्याची सवय व्हायला मला बरेच दिवस लागले. ती मंडळी 'मी सांगितलं' न म्हणता 'मी सांगिटलों' म्हणत, बरं म्हणायचं तिथे तमिळ 'शेरि' म्हणत, आणि वाक्याच्या शेवटी असा हेल काढत की साधी गोष्टही प्रश्न वाटे. माझी मराठी त्यांना अशीच विचित्र वाटत असणार. "तुम्ही किती घाईनें बोलतांत, बाई. कोण मागें लागला आहे?" असं मला तोंडावर विचारलेलं आहे.

आता सेतुमाधवरावांकडे येते. ट्रिप्लिकेनला, समुद्रापासून जवळच, एका 'स्टोर'मध्ये ते राहत. स्टोर म्हणजे दुकान नव्हे. मधे अंगण, अंगणात एक विहीर आणि सभोवार बिऱ्हाडं, याला मद्रासमध्ये स्टोर म्हणत. या स्टोरमधली बरीचशी बिऱ्हाडं मराठी होती. सेतुमाधवराव रेल्वेच्या ऑडिटमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कपाळावर गोपीचंदन, अंगात स्वच्छ बंडी. दोन वर्षांपूर्वी बायको गेलेली, मूलबाळ नाही. मला ते शब्द देत ते एखादी फाइल पुढे सारल्यासारखे. आधी शब्द, मग खुलासा, मग "पुढचें?"

मे महिन्यातल्या एका दुपारी मी त्यांच्या ओसरीवर बसले होते. मद्रासचा उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना सांगायला नको. सकाळपासून जमिनीकडचा वारा भट्टी फुंकत असतो. दुपारी तो पडतो. मग समुद्राकडचा वारा येतो आणि माणसं माणसांत येतात. पण या दोन वाऱ्यांच्या मधे काही वेळ असा जातो, की विहिरीवरचा दोरसुद्धा हलत नाही. त्या दिवशी तसंच झालं होतं. मी पदराने वारा घेत होते. सेतुमाधवराव आभाळाकडे बघत आपल्याशीच म्हणाले, "अधवारें पडलें."

माझी पेन्सिल आपोआप उठली. "काय म्हणालात, मामा?"

"अधवारें. आमच्या घरांतली म्हणायची." बायकोचं नाव ते घेत नसत, त्या पिढीचे पुरुषही घेत नसत. "जमिनीचा वारा गेला, समुद्राचा आला नाहीं, मधें राहतें तें अधवारें. मी हापिसांतून लवकर आलों की ती पायरीवर बसलेली असायची. कॉफी मागिटली की म्हणायची, 'अधवारें संपूं द्या, मग उठतें.' ह्या वेळीं ती कुणासाठींच उठायची नाहीं. माझ्यासाठींसुद्धां."

अधमुरं दही, तसं अधवारं. इतका नेटका शब्द मला कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता. मी विचारलं, "आणखी कुणाच्या तोंडी ऐकलात?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाहीं. तीच बोलायची. तिच्या मनानेंच केलेला असेल."

मी पेन्सिल खाली ठेवली आणि तीन घरांचा नियम सांगितला. ते ऐकून घेऊन उठले. मग आत जाऊन पाणी घेऊन आले आणि उभ्यानेच बोलले. "बाई, तिचा फोटो नाहीं. फोटो काढिला की आयुष्य उणें होतें म्हणायची. न काढितांच गेली. मी आहें तोंवर ती माझ्या डोक्यांत आहे. पुढें कुठें? तुमच्या पुस्तकांत तिचें हें एवढें आलें, तर राहील." आणि लगेच हेडक्लार्क होऊन म्हणाले, "तीन घरें होणें?" होणें म्हणजे हवीत. "शेरि. होईल."

त्या 'होईल'ने मी सावध व्हायला हवं होतं, पण मला ते फक्त आशावादी वाटले.

पुढच्या फेरीत मी स्टोरच्या दारात पाऊल टाकलं तोच कमलामामींनी मला बोलावून घेतलं. या सेतुमाधवरावांच्या शेजारीण, भिंतीला भिंत लागून. एरवी मी आले की त्या 'काम आहे, काम आहे' म्हणत आत पळत. आज पदर खोचून समोर बसल्या आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "जमिनीचा वारा पडिल्यावर आणि समुद्राचा वारा येण्यापूर्वीं जो निर्वात काळ, त्यास अधवारें म्हणतात."

कमलामामींच्या तोंडी 'निर्वात काळ'! मी म्हटलं, "वा. तुम्ही हा शब्द कधी वापरता?"

मामी गडबडल्या. "कधीं म्हणजे? तुम्ही येतांत तेव्हां."

पलीकडच्या खोलीत एक निवृत्त ड्रॉइंगमास्तर राहत. त्यांनी उभं राहून, हात मागे बांधून, तेच वाक्य म्हटलं. त्यातही 'निर्वात काळ' होता आणि तो तितक्याच ठिकाणी होता. तिसऱ्या दारात भागीरथीअज्जी. या सगळ्या स्टोरच्या आजी, दमेकरी, कायम खाटेवर. त्यांनी सुरुवात झोकात केली. "जमिनीचा वारा पडिल्यावर, समुद्राचा येण्यापूर्वीं जो..." आणि अडल्या. मग खिडकीकडे तोंड करून ओरडल्या, "सेतू, पुढें काय रे?"

अंगणापलीकडून आवाज आला, "निर्वात!"

मी तिथेच बसून पोट धरून हसले. अज्जीही हसल्या, मग खोकल्या. हसू ओसरलं तेव्हा मात्र माझ्या लक्षात आलं, की आता मला त्या माणसासमोर जायचं आहे.

सेतुमाधवराव ओसरीवर तयार बसले होते, नवी इस्त्रीची बंडी घालून. "तीन झालीं," ते म्हणाले.

मी त्यांना माझ्या धंद्याची आतली गोष्ट सांगितली. खऱ्या शब्दाचा अर्थ तीन घरांत कधीही एकसारखा निघत नाही. एका घरी त्याला थोडी चरबी असते, दुसऱ्या घरी तो थोडा रोडका. एक बाई म्हणते तो लहान मुलांना लागू पडतो, दुसरी म्हणते छे, म्हाताऱ्यांनाच. कडा जुळत नाहीत, म्हणून तर तो वापरातला, हे कळतं. शिकवलेल्या शब्दाच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या असतात.

त्यांचा चेहरा लाल झाला. "आमच्या हापिसांत तीन कागद जुळले की बिल पास. तुमच्या हापिसांत जुळले की नापास. हें कसलें हापिस, बाई?"

"मामा, तुमचा शब्द खोटा आहे असं मी म्हणत नाही."

"म्हणतांत. ती बोलायची तें कुणी ऐकिलें नाहीं, म्हणून तें नव्हतेंच, असेंच तुम्ही म्हणतांत. तुम्ही तिला खोटी केलांत."

ऑफिसात मी ही हकीकत रंगवून सांगितली, संपादकसाहेब हसतील आणि सूट देतील या आशेने. ते हसले भरपूर. सूट दिली नाही. एका घरात जन्मून त्याच घरात राहिलेले शब्द हजारो असतात, त्यांना घरातच राहू द्या, असं म्हणून त्यांनी शब्द लिहिलेलं माझं कार्ड परत केलं. नियम बरोबर होता. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं, आणि तरी त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा राग आला.

त्यानंतर सेतुमाधवरावांनी मला शब्द देणं बंद केलं. मी इतर बिऱ्हाडांत जात असे तेव्हा ते ओसरीवरून उठून आत जात. आधी मला वाटलं चार दिवस रुसतील. पावसाळा गेला, संक्रांत गेली, रुसवा गेला नाही. स्टोरमधल्यांची मात्र चांगली करमणूक झाली होती. ड्रॉइंगमास्तर मला पाहिलं की लांबूनच "निर्वात!" म्हणून नमस्कार करत.

पुन्हा उन्हाळा आला. कमलामामींच्या सुशीचं त्या सुमाराला लग्नाचं बघत होते. सुशी म्हणजे त्यांची थोरली, टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला, जिभेने तेज. कुंभकोणमची मंडळी येऊन मुलगी पाहून, भरपेट खाऊन, छान छान बोलून गेली होती, आणि होकार नाही की नकार नाही. मी कमलामामींकडे स्वयंपाकातले काही शब्द तपासत बसले होते. दुपार टळत आलेली. अंगणात भागीरथीअज्जींची खाट काढून ठेवली होती. पलीकडच्या ओसरीवर सेतुमाधवराव पाठमोरे.

सुशी कामावरून आली. चप्पल काढते न काढते तोच आईने विचारलं, "पोस्टमन दिसला का ग?"

"अम्मा, रोज रोज विचारूं नकों! कांहीं नाहीं आलें. अजून अधवारेंच आहे."

कमलामामी उसासा टाकून म्हणाल्या, "हो ना, पावम, बिचारी. अधवाऱ्यांत पोर किती दिवस ठेवायची?"

मी हातातला वेलदोड्याचा डबा खाली ठेवला. कुणीही माझ्याकडे पाहत नव्हतं. कुणीही मला काही ऐकवत नव्हतं. मी श्वाससुद्धा जपून घेतला. पण पलीकडून सेतुमाधवराव गर्रकन वळले. वर्षभरात प्रथमच त्यांनी आमच्या बाजूला तोंड केलं होतं.

"काय म्हटलीस, सुशी?"

"काय म्हटलें?"

"तें वाऱ्याचें आहे! कुंभकोणमवाल्यांचें नव्हें!"

"मामा, तुम्हीच शिकविलांत की असक्यांना, साऱ्या स्टोरला."

"मी वाऱ्याचें शिकविलों! मुलाकडच्यांचें नाहीं शिकविलों!"

"मग ह्याला काय म्हणूं? तुम्हीच सांगा. गेला वारा गेला, येणारा येईना, आणि मी पायरीवर. दुसरा शब्द आहे का?"

सेतुमाधवरावांना दुसरा शब्द सापडला नाही. त्यांनी मदतीला भागीरथीअज्जींकडे पाहिलं. अज्जी खाटेवरून म्हणाल्या, "मला काय बघतोस, सेतू? मी तर तीन वर्षें अधवाऱ्यांतच आहें. बरी होईना, जाईना." आणि आपल्याच बोलण्यावर खूश होऊन खोकत राहिल्या. ड्रॉइंगमास्तर तेवढे दारातून अजून "निर्वात, निर्वात" म्हणत होते, पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

(सुशीचं लग्न त्याच वर्षी दुसरीकडे झालं आणि चांगलं झालं. आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचक तिच्याच काळजीत राहतील.)

मी उठून अंगण ओलांडलं आणि सेतुमाधवरावांच्या पायरीशी गेले. ते या वेळी आत गेले नाहीत. मी म्हटलं, "मामा, तीन घरं झाली. तुमचं एक, कमलामामींचं एक, अज्जींचं एक. तिघांच्या कडा वेगळ्या. आता आमचे साहेबसुद्धा काही बोलू शकणार नाहीत. शब्द जाणार आत."

मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते आनंदाचं नव्हतं. "बाई, हें तिचें नव्हें," ते हळू म्हणाले. "ती असें म्हणत नव्हती. ती वाऱ्याचें म्हणायची. पायरीवर बसून. हीं असकीं आपापलें भरतात त्यांत. थोड्या वर्षांनीं वाऱ्याचें कोण म्हणेल? तिचें काय राहिलें मग?"

शब्द एका घरात राहिला तर तिचा राहणार आणि त्यांच्याबरोबर जाणार. बाहेर पडला तर टिकणार, पण तिचा राहणार नाही. दोन्ही देण्याची सोय आमच्या ऑफिसात नव्हती, कुठल्याच भाषेत नसते. मी त्यांना तसंच सांगितलं, गोड न करता. आणि सांगितलं, की कोशात जुना अर्थ आधी येतो. वाऱ्याचा पहिला लिहीन. सुशीचा दुसरा, अज्जींचा तिसरा. आणि तुमचं मन नसेल तर कार्ड फाडते, कुणाला कळणार नाही.

"मी विचार करितों," ते म्हणाले.

मी तिथेच पायरीवर बसले. खरं म्हणजे मला गाडी गाठायची होती, पण उठवेना. सेतुमाधवरावांच्या पत्नीचं नाव तुळसाबाई होतं, ते मला कमलामामींकडून कळलं होतं. बाकी त्यांच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. त्या दिसायला कशा होत्या, हेही नाही. एवढंच माहीत होतं, की दिवसातला थोडा वेळ त्या कुणासाठीच उठत नसत, आणि तेवढ्या वेळाला त्यांनी नाव देऊन ठेवलं होतं. मला त्या फार आवडल्या.

सुशी विहिरीवर येऊन बादली सोडायला लागली, पाठ आमच्याकडे. मघाशी आईवर ओरडताना होती तशी ती आता मुळीच तेज दिसत नव्हती. दोर हातात धरून ती नुसतीच उभी राहिली, पाण्यात बघत. सेतुमाधवराव तिच्याकडे बराच वेळ पाहत होते. ती त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिला कडेवर घेऊन तुळसाबाई याच अंगणात हिंडल्या असणार.

सेतुमाधवरावांनी घसा साफ केला.

"सुशी," ते म्हणाले, "खरेंच कांहीं उत्तर नाहीं आलें का ग?"

"नाहीं, मामा."

ते ओसरीच्या कडेशी आले. मग अगदी हलक्या आवाजात, एखाद्या आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवावा तसे म्हणाले, "अधवारें आहे, पोरी. संपतें तें."

सुशीने मान हलवली आणि दोर ओढायला लागली. ते माझ्याकडे वळले आणि माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बोट करून म्हणाले, "लिहा."